'पुरस्कृत' : अभिमन्यूच्या मरणाचा जाब

काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातल्या एका गावात एका जवानाच्या पहिल्या स्मृतिदिनाला मला बोलायला नेले होते. शाळेचे पटांगण, मोठा फ्लेक्स, त्यावर गणवेशातला फोटो आणि खाली चार पुढाऱ्यांचे त्याहून थोडे लहान फोटो. जवानाच्या आईचा 'वीरमाता' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मग माझे भाषण. अशा वेळी मी अभिमन्यू सांगतो. मराठीत अशा प्रसंगी बोलणारे बहुतेक जण अभिमन्यूच सांगतात. गर्भात असताना बापाकडून चक्रव्यूह भेदायची विद्या त्याने ऐकली, पण बाहेर पडण्याचा भाग येईपर्यंत सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोर आत गेला आणि परत आला नाही, हे मी सवयीने रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी ती बाई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मंग चूक मायनीच शे का, भाऊ?"

मला उत्तर देता आले नाही. मी विषय बदलला. पण रात्री एसटीने नंदुरबारला परतताना मला स्वतःची लाज वाटत होती. एका आईसमोर, तिच्या मुलाच्या वर्षश्राद्धाला, मी मुलाच्या मरणाचे कारण आईची झोप असे सांगून आलो होतो. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झाला. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. पस्तिशीनंतर शब्दकोश आणि चिपळूणकर मंडळींचे मराठी महाभारत शेजारी ठेवून जेवढे संस्कृत आले तेवढ्यावर वाचतो. त्यामुळे येथे जे मांडतो आहे ते एका वाचकाचे वाचन आहे, एवढीच त्याची योग्यता समजावी.

झोप कुठून आली?

पहिले काम सोपे होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती उघडायची आणि द्रोणपर्व पाहायचे. तिथे अभिमन्यू स्वतः सांगतो की सैन्याची रचना फोडण्याचा उपाय मला वडिलांनी शिकवला आहे, संकट आले तर बाहेर पडणे मात्र मला येत नाही. वडिलांनी शिकवले, एवढेच. गर्भ नाही, रात्र नाही, झोप नाही. ती कथा लोकांनी नंतर रचली.

लोककथेला मी खोटी म्हणत नाही. लोक एखादी गोष्ट जोडतात तेव्हा कुठली तरी अडचण सोडवत असतात. इथली अडचण उघड आहे : सोळा वर्षांचे पोर, ज्याला परतीची वाट ठाऊक नाही, त्याला आत पाठवले कोणी? मूळ ग्रंथात याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते फार अवघड आहे. झोपेची कथा ते उत्तर झाकून टाकते. पाठवणारा बाजूला होतो आणि सात-आठ महिन्यांच्या गरोदर बाईला लागलेली डुलकी मरणाचे कारण ठरते.

आता मूळ प्रसंग पाहू. युद्धाचा तेरावा दिवस. अर्जुन संशप्तकांशी लढायला दूर गेला आहे. द्रोणांची रचना पांडवांना फुटत नाही. युधिष्ठिर अभिमन्यूला म्हणतो की ही रचना भेदणे तू, अर्जुन, कृष्ण आणि प्रद्युम्न या चौघांनाच येते, पाचवा कोणी नाही. अर्जुनाने परत आल्यावर आम्हाला दोष देऊ नये असे कर. आज्ञा देताना राजाच्या मनात नंतर होणाऱ्या चौकशीचा विचार आहे, हे इथे नजरेतून सुटू नये. अभिमन्यू आपले अपुरे शिक्षण स्पष्ट सांगतो. त्यावर युधिष्ठिर आणि भीम म्हणतात, तू दार करून दे, आम्ही तुझ्या मागोमाग आत येतो. म्हणजे धोका माहीत होता, तो मोठ्याने बोलला गेला होता आणि त्यावर मदतीचे वचन दिले गेले होते.

आणखी एक माणूस बोलतो. अभिमन्यूचा सारथी. तो म्हणतो की पांडवांनी तुझ्यावर फार मोठा भार टाकला आहे, नीट विचार कर. राजांच्या या कथेत धोक्याची सूचना देणारा पगारी माणूस एकच, आणि त्याचे कोणी ऐकत नाही. अभिमन्यूही ऐकत नाही, तो हसून रथ पुढे न्यायला सांगतो. हेही नोंदले पाहिजे. पोर उत्सुक होते. त्याला जबरदस्तीने कोणी ढकलले नव्हते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. अभिमन्यू आत शिरला, जयद्रथाने दार अडवले, मागून कोणी येऊ शकले नाही.

एक शब्द

त्या संध्याकाळी, अर्जुन परतण्याआधी, युधिष्ठिर आपल्या माणसांत बसून विलाप करतो. मला वाटते, सत्तेवरच्या माणसाने आपल्या चुकीची इतकी उघड कबुली दिल्याची उदाहरणे भारतीय वाङ्मयात थोडी असतील. तो म्हणतो की जयाच्या इच्छेने मी सुभद्रेचे, कृष्णाचे आणि अर्जुनाचे हे अप्रिय केले. लोभी माणसाला दोष दिसत नाहीत. आणि मग म्हणतो की ज्या मुलाला जेवणात, वाहनांत, शय्येवर, दागिन्यांत पुढे करायचे, त्याला आम्ही युद्धात पुढे केले.

'पुढे केले' यासाठी मूळ शब्द आहे 'पुरस्कृत'.

हा शब्द वाचून मी पुस्तक मिटवून ठेवले होते. संस्कृतात पुरस्कृत म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागी घातलेला. त्यातूनच मान दिलेला, गौरवलेला हा अर्थ आला. मराठीत आज दुसराच अर्थ उरला आहे. पुरस्कृत म्हणजे पुरस्कार मिळालेला. युधिष्ठिराने ज्या शब्दात गुन्हा कबूल केला, त्याच शब्दात आपण आज सन्मानपत्र लिहितो. भाषेचा हा प्रवास कोणी कट करून घडवलेला नाही. पण पटांगणावरची शाल मला त्यानंतर वेगळी दिसू लागली. आधी मुलाला पुढे केले आणि मग आईला पुढे बोलावले. दोन्हींना शब्द एकच.

वीस अध्यायांचे सांत्वन

येथे पाठभेदाचा एक मुद्दा मांडायचा आहे आणि माझ्या मते तो या लेखाच्या मुळाशी आहे. मुंबईच्या जुन्या पोथीछाप आवृत्तीत युधिष्ठिराचा हा विलाप द्रोणपर्वाच्या ५१ व्या अध्यायात येतो. अर्जुन परत येऊन "माझा मुलगा कुठे आहे?" असे विचारतो तो ७२ व्या अध्यायात. मधले वीस अध्याय व्यास युधिष्ठिराचे सांत्वन करतात. मृत्यू कसा जन्मला ते सांगतात, मग सोळा थोर राजांची चरित्रे सांगतात आणि प्रत्येकाचे तात्पर्य एकच : हे सुद्धा गेले, तेव्हा शोक करू नकोस. पुण्याच्या चिकित्सित आवृत्तीत हा सगळा भाग संहितेतून काढून परिशिष्टात टाकला आहे. तिथे विलाप ४९ व्या अध्यायात आणि अर्जुनाचा प्रश्न लगेच ५० व्या अध्यायात.

म्हणजे जुन्या थरात राजाची कबुली आणि बापाचा प्रश्न एकमेकांना खेटून उभे होते. त्यांच्यामध्ये नंतर कोणी तरी वीस अध्यायांचे तत्त्वज्ञान आणून ठेवले. तत्त्वज्ञान वाईट नाही. सोळा राजांची कथा शांतिपर्वातही आहे आणि तिथे ती शोभते. पण इथे तिचे काम काय? 'मी पाठवले' या वाक्यानंतर लगेच 'सगळेच मरतात' हे वाक्य आले की पहिल्या वाक्याची धार जाते. ज्याने जबाबदारी कबूल केली, त्यालाच धीर द्यायला सगळे जमतात आणि जाब विचारणारा अजून दारात पोहोचायचा असतो.

बापाचा प्रश्न आणि शपथ

अर्जुन येतो तेव्हा छावणी गप्प असते. मुलगा समोर येत नाही यावरून त्याला कळते. तो आधी रडतो आणि मग उलटतो ते कौरवांवर नाही, स्वतःच्या भावांवर. माझ्या मुलाचे रक्षण तुम्हाला करता आले नाही, मग तुमची चिलखते आणि शस्त्रे काय दागिने म्हणून आहेत? तुमची वाणी काय सभांमध्ये बोलण्यापुरती आहे? असा त्याचा सवाल आहे. आणि दोष तो स्वतःलाही देतो : तुम्ही दुबळे आहात हे जाणूनही मी तुमच्या भरवशावर गेलो. त्या वेळी कृष्ण आणि युधिष्ठिर सोडून त्याच्याकडे बघण्याची कोणाची छाती होत नाही.

युधिष्ठिर उत्तर देतो. आम्हीच त्याला रचना भेदायला सांगितले, हे तो लपवत नाही. पण त्याच्या निवेदनाचा शेवट जयद्रथापाशी होतो : आम्ही मागे गेलो, त्याने वराच्या बळावर आम्हाला अडवले, मग सहा जणांनी पोराला घेरले. लोभ, जयाची इच्छा, मुलाला पुढे करणे, ही संध्याकाळची भाषा अर्जुनासमोर येत नाही. आणि ते ऐकताच अर्जुन शपथ घेतो की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन.

आपण सर्वांनी या शपथेवर कीर्तने ऐकली, चित्रपट पाहिले. पण शपथेने एक गोष्ट केली तिच्याकडे लक्ष गेले नाही. अभिमन्यूवर शेवटचा घाव घातला तो दुःशासनाच्या मुलाने. जयद्रथाने दार अडवले होते. मरणाची सगळी जबाबदारी त्या एका माणसावर गोळा झाली आणि चिलखतांविषयीचा प्रश्न छावणीत पुन्हा कोणी विचारला नाही. शत्रूचा सूड आणि आपल्यांना जाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीची जागा घेतली की छावणीला हायसे वाटते.

'वीरसू' आणि 'धिक्'

आता सुभद्रा. कृष्ण तिच्याकडे जातो, भाऊ म्हणून. तो म्हणतो की तू वीराला जन्म देणारी, वीराची पत्नी, वीरांच्या कुळातली आहेस, मुलाचा शोक करू नकोस, तो उत्तम गतीला गेला. 'वीरसू' हा त्याचा शब्द. आपली 'वीरमाता' तीच. म्हणजे ही पदवी आपल्या शासनाने शोधलेली नाही, तिला जुनी परंपरा आहे. आणि पहिल्यापासून तिच्या पाठोपाठ 'आता रडू नकोस' हे आले आहे.

पण व्यासांची सुभद्रा पदवी घेऊन गप्प बसत नाही. पदवी मिळाल्यावरच ती बोलायला लागते. एवढे पांडव, वृष्णी आणि पांचाल जिवंत असताना, कोणी नाथ नसल्यासारखा तू मारला गेलास कसा, असे ती मुलाला विचारते. मग नाव घेऊन धिक्कार करते : भीमाच्या बळाचा, अर्जुनाच्या धनुष्याचा, वृष्णिवीरांच्या पराक्रमाचा, पांचालांच्या ताकदीचा. यातला एकही शत्रू नाही. एक तिचा नवरा आहे, एक दीर, एक माहेर. जयद्रथाचे नाव तिच्या धिक्कारात नाही.

याच विलापाच्या उत्तरार्धात ती मुलाला आशीर्वाद देते, पुण्यवंतांना मिळणाऱ्या गती एकामागून एक मोजते आणि त्या तुला मिळोत म्हणते. तेव्हा सुभद्रेला केवळ बंडखोर ठरवणे हा ग्रंथावर अन्याय होईल. मुलाच्या मरणाचा अभिमान आणि मुलाला मरू दिल्याचा संताप ही दोन्ही एकाच तोंडून, एकाच दमात येतात. त्यातले एक खरे आणि दुसरे खोटे असे नाही. आपल्या सभांना मात्र फक्त उत्तरार्ध हवा असतो.

गांधारी गप्प झाली

स्त्रीपर्वात हाच सवाल शेवटच्या टोकाला जातो. गांधारी रणभूमीवर प्रेते ओळखत फिरते आणि शेवटी कृष्णासमोर उभी राहते. तिचा आरोप नीट वाचला पाहिजे. तू मारलेस असे ती म्हणत नाही. ती म्हणते : ते एकमेकांना जाळत असताना तू उपेक्षा का केलीस? तुझ्यात शक्ती होती, माणसे होती, सैन्य होते, दोन्ही बाजूंना तुझे वजन होते. सामर्थ्य असून दुर्लक्ष केलेस, म्हणून याचे फळ भोग. राजकीय जबाबदारीची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. ज्याच्या हातात थांबवणे होते आणि ज्याने थांबवले नाही, त्याला ती जबाबदार धरते आणि छत्तीस वर्षांनी कुलनाशाचा शाप देते.

कृष्ण किंचित हसल्यासारखा होऊन शाप मान्य करतो. इथपर्यंत आपण सांगतो. पुढचा अध्याय सांगत नाही. तिथे कृष्ण म्हणतो, ऊठ, शोक करू नकोस, कौरव गेले ते तुझ्याच अपराधाने. दुष्ट मुलाला तूच डोक्यावर घेतलेस. आणि मग एक यादी देतो : ब्राह्मणी तपासाठी मूल जन्माला घालते, गाय ओझे वाहण्यासाठी, घोडी धावण्यासाठी, शूद्रा दास्यासाठी, वैश्या गुरे राखण्यासाठी आणि तुझ्यासारखी राजकन्या वधासाठी. तुझा मुलगा मरण्यासाठीच जन्मला होता, असा याचा सरळ अर्थ.

यात देवाचा दोष काढणे हा माझा हेतू नाही. दुर्योधनाला आवरले नाही हा गांधारीवरचा ठपका खोटाही नाही. मला रस आहे तो ग्रंथकाराच्या पुढच्या वाक्यात. कृष्णाच्या बोलण्याला तो 'अप्रिय' म्हणतो आणि नोंदवतो की ते ऐकून गांधारी गप्प झाली. तिला पटले असे तो लिहीत नाही. ती शांत झाली असेही लिहीत नाही. तिचे डोळे शोकाने व्याकूळ होते आणि ती गप्प झाली, एवढेच. लगेच धृतराष्ट्र मेलेल्यांची संख्या विचारतो आणि युधिष्ठिर आकडा सांगतो : एक अब्ज सहासष्ट कोटी वीस हजार, आणि ज्यांचा पत्ता लागला नाही असे चोवीस हजार एकशे पासष्ट. आकडा काव्यातला आहे. पण आईचा आरोप अनुत्तरित राहतो आणि तिथेच राज्याची खानेसुमारी सुरू होते, हा क्रम काव्यातला असला तरी ओळखीचा आहे.

नंतरच्या लेखकांनी या गप्पपणाचे काय केले? धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग' (१९५४) या हिंदी नाटकात गांधारी शाप देते, कृष्ण तो इतक्या करुणेने स्वीकारतो की तीच रडते, पस्तावते. नाटक म्हणून तो क्षण थोर आहे. पण महाभारतात गांधारी पस्तावत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये गांधारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांचा भर तिच्या लग्नातल्या फसवणुकीवर आणि डोळ्यांवरच्या पट्टीवर आहे. मराठीत गांधारी म्हटले की पट्टी, सुभद्रा म्हटले की झोप. दोघींनी विचारलेले प्रश्न कोणाच्या पाठ नाहीत.

आपल्या काळात

नंदुरबारला जाब विचारण्याची आठवण नाही असे नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. त्यांच्या स्मारकाला आम्ही लहानपणापासून हार घालतो. पण तिथे गोळी घालणारा आणि सत्ता चालवणारा एकच होता, आणि तो परका होता. आईचे दुःख आणि देशाचा राग एकाच दिशेला पाहत होते. खरी अवघड जागा पुढची आहे : मारणारा परका आणि पाठवणारा आपला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमध्ये हाजिन येथे हवाई दलाच्या गरुड पथकातले मिलिंद खैरनार मारले गेले. ते याच जिल्ह्यातले. सैनिकी परंपरेसाठी आमचा जिल्हा ओळखला जात नाही, तरी तिरंग्यातली पेटी इथेही येते.

१९६२ च्या युद्धात १,३८३ जवान मेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले, असे अधिकृत आकडे आहेत. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला म्हणून आपण यशवंतरावांचा अभिमान बाळगला. पण पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजही प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने बाहेर आणला. गरम कपडे आणि पुरेसा दारूगोळा नसताना मुलांना त्या उंचीवर कोणी उभे केले, याचे कागद आई-बाप जाऊन नातवंडे म्हातारी झाली तरी बंद आहेत.

मराठीत हा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने विचारला तो एका पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीने. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अशोक कामटे मारले गेले. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मिळवल्या आणि विनिता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिले. त्यांचे प्रश्न दोन होते : त्यांना कामा रुग्णालयाकडे कोणी पाठवले, आणि मदत मागूनही ती का पोहोचली नाही? द्रोणपर्व वाचणाऱ्याला हे प्रश्न नवे नाहीत. आत कोणी पाठवले, आणि 'मागोमाग येतो' म्हणणारे कुठे होते? विलापाच्या जागी त्यांनी नोंदी ठेवल्या, एवढाच फरक.

दुसरा मार्ग कॅप्टन विनायक गोरे यांच्या आई अनुराधा गोरे यांचा. मुलगा गेल्यावर त्यांनी 'वारस होऊ अभिमन्यूचे' हे पुस्तक लिहिले आणि तरुणांसमोर सैनिकांच्या कथा ठेवण्याचे काम केले. हा सुभद्रेच्या विलापाचा उत्तरार्ध आहे आणि त्याच्यापुढे मी नम्र आहे. जाब न विचारण्याचा अधिकारही आईचाच. तक्रार आहे ती आमच्यासारख्या वक्त्यांची. आम्ही पहिल्या मार्गाला नाव ठेवतो आणि दुसऱ्याचा आडोसा घेतो.

परदेशातही उत्तरे तीच आहेत. इराकमध्ये २००४ साली मारल्या गेलेल्या केसी शीहान या सैनिकाची आई सिंडी शीहान ऑगस्ट २००५ मध्ये टेक्ससमधल्या राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या शेताबाहेर तळ ठोकून बसली. माझा मुलगा कुठल्या उदात्त कारणासाठी मेला, एवढेच तिला विचारायचे होते. भेट मिळाली नाही. मुलगा स्वखुशीने भरती झाला होता, आई त्याच्या स्मृतीचा अपमान करते आहे, असे मात्र तिला ऐकवले गेले. ब्रिटनमध्ये रेज कीज या बापाने २००५ च्या निवडणुकीत थेट टोनी ब्लेअर यांच्याविरुद्ध त्यांच्याच मतदारसंघात अर्ज भरला. मते मिळाली ४,२५२. पण निकालाच्या व्यासपीठावर पंतप्रधानांना त्याचे भाषण मागे उभे राहून ऐकावे लागले. तिथल्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये, युद्धाला तेरा वर्षे झाल्यावर, शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध पुकारले गेले असा निष्कर्ष दिला.

'तो स्वखुशीने गेला होता' हे उत्तर गंभीर आहे, ते झटकून टाकू नये. अभिमन्यूही स्वखुशीने गेला होता. पण 'मी जातो' म्हणणाऱ्याच्या धैर्यावर 'मी पाठवले' म्हणणाऱ्याची जबाबदारी भागत नाही. उलट ती वाढते. आणि 'सैनिक मरणासाठीच असतो' हे तर गांधारीला दिलेले उत्तर आहे, जे ग्रंथकाराने स्वतः अप्रिय म्हटले. दुसरा आक्षेप असा की, असे प्रश्न विचारल्याने शत्रूचा दोष हलका होतो. सुभद्रेच्या धिक्काराने जयद्रथ निर्दोष ठरला नाही, दुसऱ्या दिवशी तो मेलाच. मारणाऱ्याचा दोष एका खात्यावर, पाठवणाऱ्याची जबाबदारी दुसऱ्या. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करता येत नाही.

अलीकडचे एक उदाहरण सांगून थांबतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षांची भरती, त्यातले चौथा हिस्सा कायम. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातले अग्निवीर अक्षय गवते सियाचीनवर गेले, आणि कुटुंबाला किती मिळाले यावर देशभर वाद झाला. मुलगा कसा गेला यापेक्षा रकमेची बेरीज जास्त बोलली गेली. मे २०२५ मध्ये पूंछमध्ये पाकिस्तानी माऱ्यात अग्निवीर मुरली नाईक मारले गेले. मूळचे आंध्रचे हे कुटुंब मुंबईत घाटकोपरला राहिलेले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली : नियमित जवानाच्या घराला मिळणारे निवृत्तिवेतन आणि इतर लाभ अग्निवीराच्या घराला का नाहीत? मरण सारखे, मग मागे राहणाऱ्यांत भेद का? काहींना हा पैशाचा प्रश्न वाटेल. मला तो सुभद्रेचाच वाटतो. 'शहीद' ही संरक्षण दलांतली अधिकृत संज्ञा नाही, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. शब्द आपण सढळ हाताने देतो. ही आई शब्द सोडून नियम विचारते आहे, आणि तो अशा ठिकाणी विचारते आहे जिथे कोणाला तरी लेखी उत्तर द्यावे लागते.

पुन्हा त्या गावात

गेल्या उन्हाळ्यात मी त्या गावी पुन्हा गेलो. भाषणाला नाही, तिच्या ओट्यावर. झोपेची गोष्ट ग्रंथात नाही, ती मी न वाचता सांगितली होती, चूक माझी, एवढे मला सांगायचे होते. ती ज्वारी निवडत होती. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "मंग कोनी धाडं त्याले?"

मी म्हटले, धर्मराजाने.

"त्याले कोन्ही इचारं नही का?"

विचारले, मी म्हटले. अर्जुनाने विचारले, सुभद्रेने धिक्कार केला.

"मंग तो काय बोलना?"

मी सांगितले की अर्जुन यायच्या आधी तो बोलला होता, मीच पोराला पुढे केले म्हणून रडला होता. अर्जुन आल्यावर मात्र त्याने दार कोणी अडवले ते सांगितले.

तिने सुपातला खडा काढून अंगणात टाकला. म्हणाली, "मायबापना समोर बोलाले पाहिजे व्हतं."

इतक्या वर्षांच्या वाचनातून मला जे म्हणायचे आहे, ते याहून जास्त नाही.